धरतं आणि धरतात

बाई, तो डबा अजून माझ्याकडे आहे. फडताळात, पिठाच्या डब्यामागे. साफसफाई करताना हात लागला की आत कागद वाजतो. कागद एकच आहे, पण डबा पत्र्याचा, म्हणून आवाज मोठा होतो. चौदा वर्षं तो तसाच वाजतो आहे.

परवा तुमच्या भाच्याचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, तेव्हाच समजलं. आमच्या यांनी दारातच वाचलं आणि म्हणाले, "तुझ्या बाई गेल्या गं." असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून टाकून देतात. मी टाकलं नाही. डब्याखाली सरकवून ठेवलं आहे.

तुम्ही म्हणायचात, जे तोंडातून निघत नाही ते कागदावर काढावं, कागदावर आलं की भीती निम्मी होते. यावर माझं तुमचं कधी जमलं नाही. मी म्हणायचे, निम्मी नाय होत बाई, तिला राहायला जागा होते. तुम्ही हसायचात. मला चौथीपर्यंतच शाळा, तुमच्याशी वाद घालायची अक्कल नव्हती. तरी आज लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी तिथे झाडायचं आणि टोल द्यायचं काम करत होते. हेडमास्तर मला 'ए अनशे' म्हणायचे, बाकीचे मास्तर 'शिपाईण' म्हणायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण नाव विचारलंत. मी सांगितलं, अनसूया. "मग मी अनसूयाबाई म्हणेन," तुम्ही म्हणालात. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मधल्या सुट्टीचा टोल उशिरा पडला आणि मी बोलणी खाल्ली.

मी चौथीत असताना आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. त्याच साली आई वारली आणि शाळा सुटली. तुमच्या काळातही वरच्या जातीची पोरं पाण्याच्या पिंपाकडे यायची तेव्हा मी बाजूला व्हायचे. कुणी सांगावं लागायचं नाही. बाजूला होणं माझ्या अंगात मुरलेलं होतं. हे आत्ता सांगते आहे ते पुढच्यासाठी सांगते आहे. माझी बाजू म्हणून नव्हे.

शनिवारी सकाळची शाळा. नववीचा शेवटचा तास मोकळा असायचा, तो तुम्ही मागून घेतलात आणि वेळापत्रकात लिहिलंत, मानसशास्त्राचा परिचय. हेडमास्तर म्हणाले, "परीक्षेत नाही ते शिकवून काय करणार, बाई?" तुम्ही म्हणालात, "परीक्षेला बसतं ते मनच असतं ना?" मास्तरांच्या खोलीत त्याला भुतांचा तास म्हणायला लागले. पोरांनी ते नाव लगेच उचललं. शनिवार आला की, "चला रं, भुतांचा तास हाय!"

मी टोल देऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसायचे. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, मन कुठं असतं? सगळ्यांनी छातीवर हात ठेवले. तुम्ही म्हणालात, मेंदूत. तास सुटल्यावर मी फळा पुसताना म्हटलं, "बाई, भ्यालं तर मानूस डोकं नाय धरत. पोट धरतं." तुम्ही पिशवी भरता भरता थांबलात. "हे मी पुढच्या तासाला विचारते," म्हणालात, आणि खरंच विचारलंत. माझं म्हणणं कुणी वर्गात विचारेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मग तो छत्रीचा तास. तुम्ही मला आधी सांगून ठेवलं होतं की अर्ध्या तासात आत यायचं, टेबलावरची छत्री उचलायची, काही न बोलता जायचं. मी दाराबाहेर दोनदा पदर खोचला. मी गेल्यावर तुम्ही वर्गाला विचारलंत, आत्ता काय झालं ते लिहा. पातळ कुठल्या रंगाचं, कुठल्या हातानं छत्री घेतली, काय बोलल्या. पोरांनी हिरवं लिहिलं, लाल लिहिलं. एकानं लिहिलं की शिपाईण म्हणाली, नेते हं बाई. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. वर्ग हसून लोटपोट.

एकटीनं बरोबर लिहिलं होतं. मंदा. डोंगराखालच्या वाडीतली, दोन मैल चालत येणारी, मागच्या बाकावरची. तुम्ही तिचा कागद मोठ्यानं वाचलात: "अनसूयाबाई आल्या. डाव्या हातानं छत्री घेतली. दारात थांबून एकदा मागं बघितलं. त्यांना भीती वाटत होती." पोरं म्हणाली, "ही बग, भूतच हाय, सगळं दिसतं हिला." मंदानं मान खाली घातली. तुम्ही सोडून शाळेत मला अनसूयाबाई म्हणणारी ती एकटीच होती.

डब्याची कल्पना तुमची. चहाचा पत्र्याचा डबा, त्याला वरून फट पाडून दिली ती आमच्या यांनी, चौक गावच्या गॅरेजात, तिथं ते कामाला होते. छोटं कुलूप लावलं. ज्याला जी भीती वाटते ती चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही. शनिवारी शाळा सुटली की मी डबा उघडायचा, चिठ्ठ्या हातानं सपाट करायच्या आणि सोमवारी तुम्हाला द्यायच्या. किल्ली माझ्या गळ्यात. तुम्ही म्हणालात, "वाचल्यात तरी चालेल. तुमच्यापाशी राहतील." मी वाचायचे. बापाची भीती, सापाची, इंग्रजीची, एकानं लिहिलं होतं, मला केस गळायची भीती वाटते. शाळेत सगळ्यांना वाटायचं मला वाचता येत नाही. मीही तसं वाटू दिलं होतं.

आता तो शब्द.

एकदा गणपत शाळेत आला नाही. तुम्ही विचारलंत तर शेजारचा म्हणाला, "बाई, त्याच्या आयेला धरलंय." तुम्ही घाबरून म्हणालात, "अरे बापरे, पोलिसांनी? का?" वर्ग फुटला. तुम्ही गोंधळून माझ्याकडे बघितलंत, दाराकडे. मी पदर तोंडाला लावून म्हटलं, "पोलिसांनी नाय बाई. बाहेरच्यानी. भुतानी. हितं त्याला नुसतं धरलं म्हंतात." तुम्ही वही काढून ते लिहून घेतलंत आणि वर्गाला म्हणालात, "हा शब्द मला अनसूयाबाईंनी शिकवला." चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. मी पायरीवरून उठून नळाकडे गेले आणि उगाच तोंड धुतलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही.

दोन आठवड्यांनी डब्यात ती चिठ्ठी आली. बाकीच्या चिठ्ठ्या कशाही चुरगळलेल्या असायच्या. ही पुडीसारखी घडी घातलेली, भगत अंगारा देतो तशी. उघडली तर घडीत करडी राख चिकटलेली. कागद अंगाऱ्याचाच होता. त्यावर लिहिलं होतं, "मला अवसेला धरतात."

बाई, मी ते वाचलं आणि पोट धरून खाली बसले. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. भूत असेल तर 'धरतं'. बाहेरचं धरतं, एखादा मुंजा धरतो. 'धरतात' ती माणसं. ही पोर लिहीत होती की अमावास्येला मला माणसं धरून ठेवतात. आणि कुठली पोर ते मला ठाऊक होतं. मंदा घरी मधूनमधून पडायची, दातखीळ बसायची, हे वाडीच्या बायकांकडून रस्त्यात ऐकलं होतं. शाळेत ती कधी पडली नव्हती, म्हणून तुम्हाला माहीत नव्हतं. फेफरं म्हणतात त्याला. वाडीत त्याला दुसरं नाव होतं, आणि त्यावरचा इलाजही दुसरा होता. चार जणांनी हातपाय धरायचे, मिरच्यांची धुरी द्यायची, तरी ते बोललं नाही तर तापलेला विळा.

सोमवारी मी चिठ्ठ्या दिल्या. ती सगळ्यात खाली ठेवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही सगळ्या वाचल्यात आणि तीच हातात घेऊन उठलात. तुमचा चेहरा उजळला होता. "अनसूयाबाई, हे बघा! तुमचा शब्द!"

तेव्हा सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, बाई, यात एक अक्षर जास्त हाय. शब्द मीच शिकवला होता. मीच उठून तो चुकला म्हणायचं? आणि कुणाच्या घरात माझं बोट शिरत होतं? ज्या घराची पोरं माझ्या हातचं पाणी पीत नव्हती, त्या घरात. मी म्हटलं, "व्हय बाई." आणि खराटा घेऊन व्हरांड्यात गेले.

पुढच्या शनिवारी तुम्ही त्यावर तास घेतलात. तुमचा सगळ्यात चांगला तास. अंगात येणं म्हणजे काय, मन घाबरलं की शरीर कसं वेगळं वागतं, सगळं इतकं सोपं करून सांगितलंत की टवाळ पोरंही गप्प होती. शेवटी तुम्ही चिठ्ठी वर धरलीत. "ज्यानं कुणी हे लिहिलं आहे त्याला मला सांगायचं आहे. तुला कुणीही धरत नाही. कुणीसुद्धा नाही. तो तुझ्या मनाचा खेळ आहे. हे एकदा पटलं की धरणारे हात आपोआप सुटतील."

मी पायरीवरून मंदाकडे बघत होते. ती तुमच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

तास सुटला. पोरं एकेक करून डब्यात चिठ्ठ्या टाकून गेली. मंदा शेवटी आली. तिनं पुडी टाकली, ती आत पडल्याचा आवाज मी ऐकला. मग ती पिंपाकडे गेली आणि पाणी प्यायला हात वर केला तशी बाही मागे सरकली. दोन्ही मनगटांवर काळेनिळे पट्टे होते; त्या आठवड्यात घरी पडली असणार, तेव्हाही धरलं होतं. बोटं मोजता आली असती. मी बाजूला झाले.

डबा मी त्या दिवशी उघडला नाही. रविवारी तुमच्या खोलीवर आले, सांगायचंच असं ठरवून. तुम्ही जमिनीवर कागद पसरून त्या तासाबद्दल लिहीत होतात. "या, या! हा लेख छापून आला तर तुमचं नाव घालणार आहे मी." चहा केलात, कपबशी माझ्या हातात दिलीत, स्वतः माझ्यासमोर बसून प्यायलात. मी चहा प्यायले आणि घरी आले. सोमवारी बाकीच्या चिठ्ठ्या तुम्हाला काढून दिल्या. पुडी आतच ठेवली. म्हटलं, उद्या. मंगळवारी मंदा शाळेत होती. मंगळवारी तिनं मला दोनदा विचारलं, "अनसूयाबाई, डबा उघडलात का?" मी म्हटलं, "उघडते गं."

बुधवारी अमावास्या होती. मंदा आली नाही. गुरुवारीही नाही.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तुम्हाला गाठलं आणि सांगितलं. अर्धंच सांगितलं. म्हटलं, "बाई, ती चिठ्ठी मंदाची हाय असं वाटतं. धरतात म्हंजी मानसं धरतात. माझ्या आत्ता ध्यानात आलं." आत्ता. हाच तो शब्द, बाई, जो तुम्हाला सांगायचा राहिला. आत्ता नव्हे. पहिल्या क्षणाला.

 तुम्ही रजेचा अर्जही दिला नाहीत, तशाच निघालात, आणि मी मागे. बांधावरून दोन मैल. तुम्ही एकच वाक्य बोललात, "मी तिला म्हटलं, कुणी धरत नाही."

मंदाची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आमच्याकडे बघून सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"मंदा कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

"मामाकडं गेली. घाटावर."

"कधी?"

"काल. लगीन निघालंय तिच्या मामेभावाचं."

"बरी आहे ना ती?"

"तिला काय धाड भरली? चांगली हाय." मग माझ्याकडे बघून, "हिला कशाला आनलीत? उन्हाची खाली उभी करा जरा."

तुम्हाला ते खरं वाटलं. मला दिसलं, तुमचे खांदे सैल झाले. तुम्ही वळलात. घरातून मिरच्यांच्या धुरीचा वास येत होता, कालचा, शिळा. आणि भिंतीपाशी मंदाच्या वहाणा होत्या. एका अंगठ्याला तांबडी दोरी बांधलेली. रोज व्हरांड्यात बघत होते मी त्या.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बाई, वहाना हितंच हायत तिच्या."

आई ओरडली, मला काय काय म्हणाली ते लिहीत नाही. तुम्ही दार ढकललंत. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि जिथं तुम्ही आहात तिथं ते पुन्हा ऐकावं लागू नये. चौकहून टेंपो आणला आमच्या यांनी. कर्जतच्या दवाखान्यात ती जगली. डॉक्टरांनी फेफऱ्याच्या गोळ्या दिल्या, उजव्या हाताच्या भाजलेल्या तळव्याला पट्टी बांधली. तीन दिवस तुम्ही तिच्याशी बोलत होतात, ती एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी घरचे तिला न विचारता घेऊन गेले. मग खरंच घाटावर पाठवली, म्हणतात लग्न लावून दिलं. कुणी म्हणतं जिवंत आहे, कुणी म्हणतं नाही. मी बाजाराला येणाऱ्या घाटावरच्या बायकांना अजून विचारते. विचारताना त्यांच्या उजव्या हाताकडे बघते.

वाडीतली माणसं शाळेवर आली. "पोरींना भुतं शिकवता आन् वर आमच्या घरात शिरता?" हेडमास्तरांनी विचारलं, सोबत कोण होतं? तुम्ही म्हणालात, "अनसूयाबाईंना मी हुकूम केला म्हणून त्या आल्या." माझी नोकरी राहिली. तुमचा तास बंद झाला आणि मे महिन्यात तुम्ही राजीनामा दिलात.

सामान बांधताना तुम्ही विचारलंत, "डब्यात अजून काही आहे?"

"एक हाय. तिचीच. त्या शनिवारची."

तुम्ही डबा माझ्याकडे सरकवलात. "नका उघडू. तिनं मला काय म्हटलं असेल ते मला ठाऊक आहे. मी मागेन तेव्हा द्या."

तुम्ही मागितली नाहीत. दर दिवाळीला कार्ड यायचं, शेवटची ओळ तीच, डबा आहे ना? मी लिहायचे, आहे. एकदा तुम्ही भेटायला आलात, कर्जतच्या एसटी स्टँडवर आपण बाकावर बसून वडा खाल्ला. तुमचे केस सगळे पांढरे झाले होते, चाळिशीतच. तुम्ही म्हणालात, "मी पुन्हा कुठे मानसशास्त्र शिकवलं नाही. एका अक्षरावर नापास झाले मी." मी तोंड उघडलं. अक्षर तुमचं नव्हतं, हे म्हणायला उघडलं. पुण्याची गाडी लागली, तुम्ही उठलात. गाडी लागली नसती तरी मी बोलले असते का, ते तुम्ही मनाचं शिकलेल्या, तुम्हीच सांगा.

तुमच्यामुळे मी पुस्तकं वाचायला लागले. तुमच्यामुळे माझ्या लेकी मॅट्रिक झाल्या. तुमच्यामुळे घरात, वस्तीत मला आता अनसूयाबाई म्हणतात. हे सगळं घेतलं मी तुमच्याकडून, आणि बदल्यात जे द्यायचं होतं ते डब्यात ठेवून दिलं.

इथवर लिहिलं आणि डबा खाली काढला. कुलूप गंजलं होतं, यांनी तेल सोडून बघितलं, मग हातोडीनं तोडलं. पुडी पिवळी पडली आहे. घडीत राख आहे अजून. अक्षर मंदाचं, दाबून लिहिलेलं.

"अनसूयाबाई, बुधवारी धरतील. बाईंना नाही कळलं. तुम्हाला कळलं आहे. तुम्हाला वाचता येतं. या."

बाई, तिनं तुम्हाला काहीच म्हटलं नव्हतं. डबा कोण उघडतं हे तिला माहीत होतं. पहिली चिठ्ठीही तुमच्यासाठी नव्हती. चौदा वर्षं जे तुम्ही उचलून नेलंत ते माझं होतं, आणि ते परत घ्यायला एक कार्ड पुरलं असतं.

डबा आता रिकामा आहे. पुन्हा फडताळात ठेवला आहे. हलवून बघितलेला नाही.